दोऱ्याचे तीन वेढे

डॉक्टरीणबाईंची जुनी, लाल इटालियन स्पोर्ट्स कार गॅरेजमध्ये आली ती डॅशबोर्डमागून जळका वास सोडतच. हेडलाइट लावले की वायरी तापायच्या.

“कुठल्या गाढवानं हात लावला होता हिला?” बाबालाल मिस्त्रींनी रिवाजाप्रमाणे आधीच्या कारागिराचा उद्धार केला आणि पॅनल उघडलं. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद कोंबला होता. शेजारच्या वायरींच्या जोडावर, टेपवरून, पांढऱ्या दोऱ्याचे तीन वेढे होते.

असे वेढे अख्ख्या साताऱ्यात मिस्त्री एकटेच द्यायचे.

जळक्या वायरी काढून त्यांनी नव्या ओढल्या, खरा फ्यूज बसवला. दिवे लावून वायरीवर बराच वेळ हात ठेवला. वायर गार होती.

“सापडलं का ते गाढव?” बाईंनी विचारलं.

“सापडलं,” हात पुसत मिस्त्री म्हणाले. “म्हातारं झालंय आता.”