सरांची फ्लॉपी

मिरजगावच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या मी गोळा केल्या. त्यांचं पुस्तक नगरच्या माझ्या डीटीपी सेंटरमध्ये, मीच तयार केलेल्या मराठी फॉन्टमध्ये, मीच टाइप करून लावलं. माझे पीएचडीचे गाइड देशमाने सर प्रूफ बघायला आले. संपादक म्हणून टाकलेलं माझं नाव त्यांनी लाल पेनाने खोडलं.

"टायपिस्टचं नाव कुणी छापतं का? माझं टाक. खाली इंग्रजीतही, पीएचडीसकट."

टाकलं. फ्लॉपी खिशात घालून ते पुण्याच्या छापखान्यात गेले.

दुपारी फोनवर ओरडायला लागले, "वृषाली, काय कचरा भरून दिलास? इथल्या कॉम्प्युटरवर माझं इंग्रजी नाव सोडलं तर एक अक्षर वाचता येत नाही!"

"मराठी अक्षरांचा फॉन्ट माझ्याच कॉम्प्युटरवर राहिला, सर. पुस्तकात तुमचं जेवढं होतं, तेवढं आलंय तुमच्याबरोबर."