स्थिर हात

“बाबा, मी येऊ का तिकडे?” धाकट्याने एकदाचं विचारलं.

समोर खुर्चीत बाबा बसले होते. म्हणजे बाबांचं चित्र: काळेभोर केस, इस्त्रीचा सदरा, दोन्ही हात मांडीवर. खरे बाबा हजारो मैल लांब, डोळ्यांवर जाडजूड चष्मा चढवून पलंगावर टेकलेले. दर रविवारी सकाळी बापलेक चष्म्यातून दिसणाऱ्या या नसलेल्या खोलीत भेटायचे. चष्म्यांची जोडी धाकट्यानेच घेतली होती, आणि त्याचा त्याला कोण अभिमान!

बाबा घड्याळजी. चाळीस वर्षं केसाएवढी स्प्रिंग चिमट्यात धरली, कधी निसटू दिली नाही. मग झटका आला. वाचा गेली, मान ताठरली, डावी बाजू लुळी पडली. उरला उजवा हात, तोही सतत थरथरायचा. पहिल्या भेटीत चित्रातला हातही तसाच थरथरला आणि धाकट्याने नजर वळवली. बघवेना. मग त्याने खटपट करून हातांची वेडीवाकडी हालचाल झाकणारी चष्म्यातली एक सोय सुरू केली. पुढच्या रविवारपासून हात मांडीवर गप्प. बाबा कसे छान दिसायला लागले! हे त्याने कुणाला सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं होतं तरी काय?

बाबांजवळ राहणारी ताई मात्र फोनवर पिच्छा सोडत नव्हती. “दर रविवारी तुला बोलावतात रे. दिसत नाही का तुला?” त्याला कधीच काही दिसलं नव्हतं. बाबांचं करून करून दमली असेल बिचारी, म्हणून त्यांच्या नावावर खपवते, असं त्याने ठरवून टाकलं. रजा मंजूर होती, तिकीट काढलेलं होतं, पण कामाचा डोंगरही होताच. म्हणून आज थेट बाबांनाच विचारलं.

त्याने बरीच वाट पाहिली. बाबांचं बोटसुद्धा हललं नाही.

“आत्ता नको ना?”

हात मांडीवरच. त्याला वाईट वाटलं, खोटं कशाला बोला. पण त्याहून जास्त हायसं वाटलं.

“बरं बाबा. तुम्ही म्हणताय तर पुढच्या वर्षी बघू.”

त्याने चष्मा काढला, तिकीट रद्द केलं. संध्याकाळी ताईचा फोन आला. आवाज कोरडा होता.

“तू बोललास तेव्हा मी शेजारीच होते. सगळं ऐकलं. तू ‘येऊ का’ म्हणालास आणि त्यांनी हात उचलला. ये, ये, ये. हात पडत होता, तरी पुन्हा उचलत होते. मी मुद्दाम मध्ये बोलले नाही. म्हटलं, त्यांचं त्यांना सांगू दे. आणि तू समोर बसून ‘पुढच्या वर्षी’ म्हणालास.”

“ताई, अगं, मला तो हात...”

“राहू दे. आता तो हात त्यांनी पांघरुणात घेतलाय. जेवायलासुद्धा बाहेर काढत नाहीत.”