गुलाबी सुप्रभात

सकाळी सव्वासहाला लाओ-यूचा फोन वाजला आणि त्याचाच डोंगर त्याला परत आला. धाकट्या मेहुण्याने पाठवला होता. डोंगरावर ठसठशीत गुलाबी अक्षरं होती: 'सुप्रभात! मन शांत, शरीर निरोगी.' खाली दोन कमळं फुलली होती. लाओ-यूच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

हा फोटो त्याने सोमवारी आपल्या ग्रुपवर टाकला होता. ग्रुप पाच जणांचा. सगळे लुओतोंगच्या टेलिफोन कचेरीतून निवृत्त झालेले, सगळ्यांना भटकण्याचा आणि फोटो काढण्याचा नाद. या एका फोटोसाठी लाओ-यू तीन पहाटे थंडीत कुडकुडत उभा राहिला होता. जंगलातली लाकडं खाली आणणारी जुनी रेल्वे बंद पडून कैक वर्षं झाली, पण उजवीकडच्या कड्याला रुळांचं एक वळण अजून शिल्लक आहे. तिसऱ्या दिवशी धुकं क्षणभर विरळ झालं, वळण पुसटसं दिसलं आणि त्याने बटण दाबलं.

ग्रुपवर काय आलं? एक नाचणारं अस्वल. दोन अंगठे. एक 'वा, अप्रतिम!' वळणाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. त्या अस्वलाने तर त्याला वीट आणला होता. सहा वर्षं झाली, कोणी काहीही टाको, अस्वल आपलं नाचतंच आहे. मागे एकदा त्याने मुद्दाम कोपऱ्यात स्वतःचं बोट आलेला फोटो टाकून पाहिला, तर तोही अप्रतिम ठरला. एकाने तरी म्हणावं ना, लाओ-यू, इथे तुझं चुकलं. त्याशिवाय कोणी फोटो बघितला हे कळायचं कसं? पण आपण होऊन विचारायचं नाही, हेही त्याने ठरवलं होतं. वळण दाखवावं लागलं तर फोटो काढला कशाला?

बुधवार होता. दर बुधवारी पाचही जण नाश्त्याच्या दुकानात जमत. लाओ-यू पोचला तेव्हा बाकीच्यांच्या पुढ्यात सोयाबीनचं गरम दूध आणि अंड्याची पोळी आलेली होती. त्याने बसता बसता फोन सू-चिंगसमोर धरला.

"हे तुझंच काम ना?"

सू-चिंगने चष्मा नाकावर सरकवला. रोज पहाटे ग्रुपमधल्या कोणाचा तरी फोटो घ्यायचा, त्यावर सुप्रभात लिहायचं आणि साऱ्या ओळखीपाळखीत वाटायचं, हे तिचं व्रतच होतं.

"छान झालंय ना? कमळं नातीने शिकवली."

"मला विचारलंस तरी का?"

"त्यात विचारायचं काय? मी सगळ्यांच्याच फोटोंवर लिहिते. लाओ-फानचा धबधबा तर गेल्या आठवड्यात सिंगापूरला पोचला."

शेजारी बसलेल्या लाओ-फानने तोंडात पोळी असतानाच अभिमानाने मान डोलावली.

"अगं, पण अक्षरं नेमकी उजवीकडेच का?"

"मग कुठे लिहू? तिथेच तर काही नव्हतं," सू-चिंग म्हणाली. "मला वाटलं, अक्षरांसाठी म्हणूनच तू जागा मोकळी सोडलीस. घरीसुद्धा म्हटलं मी, लाओ-यू किती विचार करतो बघा."

त्याने फोनवर दोनदा बोट दाबलं. टेबलावरचे चारही फोन एकदम वाजले. लाओ-यू ग्रुपमधून बाहेर पडले, असं प्रत्येकाच्या फोनवर उमटलं.

"अरे, बाहेर कुठे पडलास? इथेच तर बसलायस," लाओ-फान म्हणाला.

लाओ-यू ताडकन उठला. यांच्याबरोबर आणखी सहा वर्षं काढली तरी हे अस्वलच नाचवणार, याची त्याला खात्री पटली होती. तो दाराकडे वळला, तेवढ्यात सू-चिंगचा फोन पुन्हा वाजला.

"थांब रे! ह्वालिएनहून आलंय, तुझ्याच डोंगराबद्दल. माझी मावसबहीण तिथल्या वृद्धाश्रमात स्वयंपाक करते ना, ती माझं सुप्रभात रोज सगळ्यांना दाखवते. कोणी आजोबा बोलतायत, ऐक."

तिने आलेलं रेकॉर्डिंग मोठ्याने लावलं. आवाज खरखरीत होता, पण धार कमी झालेली नव्हती.

"ही अक्षरं कोणी लिहिली? आधी पुसा ती! त्यांच्यामागे रुळांचं वळण आहे. आहे ना अजून? बावीस वर्षं लाकडांच्या गाडीवर उभा राहून, ब्रेक आवळत मी त्या वळणावरून उतरलोय. तो कडा मी झोपेतसुद्धा ओळखेन."

आजोबांना खोकल्याची उबळ आली. तेवढ्यात सू-चिंगने लाओ-फानच्या फोनवर मूळ फोटो उघडला आणि दोन बोटांनी मोठा केला. चार डोकी वाकली.

"अगंबाई, आहे की! इतकं स्पष्ट!"

खोकला थांबला. आजोबा पुन्हा सुरू झाले.

"आणि त्या फोटो काढणाऱ्याला म्हणावं, तिथे कशाला तडमडलास? झाड निम्मं आडवं आलंय. दहा पावलं खाली उतरला असतास तर वळण पुढच्या कड्यापर्यंत अख्खं दिसलं असतं. डोळे फुटले होते का तुझे?"

आवाज बंद झाला. सू-चिंगचा चेहरा पडला होता.

"म्हातारं माणूस आहे रे, मनावर घेऊ नकोस," ती हलकेच म्हणाली.

लाओ-यूने खुर्ची ओढली आणि तो पुन्हा बसला.

"परत लाव," तो म्हणाला. "सुरुवातीचं राहू दे. झाडापासून लाव."