मनाईचा बोर्ड

"बायकांना तिथं उभं राहायला मनाई होती, असं म्हणू या का?" आमदार जगदाळेंनी विचारलं.

विद्याधर पाटणकर एका कारखान्याच्या जनसंपर्क विभागातून निवृत्त झाले, तेव्हापासून आमदार अडचणीत आले की त्यांच्याकडे चहाला येत. काय बोलायचं ते पाटणकर सांगत, तेही फुकट. कुणी विचारायला येतं, याचंच त्यांना अप्रूप होतं. आज सकाळी आमदारांच्या निधीतून बांधलेली पाण्याची नवी टाकी कोसळून नळावर आलेल्या दोन बायका दगावल्या होत्या.

"मनाईचा बोर्ड होता का तिथं?"

"दुपारपर्यंत लागेल. पेंटरला सांगितलंय. तुम्ही फक्त दोन ओळी द्या, काका."

ओळी तर पाटणकरांना सुचल्यासुद्धा होत्या. त्या इतक्या सहज सुचल्या, याचाच त्यांना संताप आला.

"कप खाली ठेव आणि नीघ," ते म्हणाले. "मेलेल्या बायकांवर खापर फोडायला माझे शब्द मिळणार नाहीत."

"दुसरा कुणीतरी देईल," आमदार उठत म्हणाले.

ते खरंच होतं. म्हणून पाटणकर रिक्षा करून थेट टाकीपाशी गेले. पेंटर बोर्ड ठोकत होता. जमलेले पत्रकार ओळखीचेच होते.

"हा बोर्ड आत्ता लागतोय," पाटणकर म्हणाले. "सकाळी इथं काही नव्हतं. आमदारांनीच मला घरी येऊन सांगितलं."

एका पत्रकारानं हळूच विचारलं, "काका, नेहमीसारखं 'सूत्रांनी सांगितलं' असं लिहू ना?"

"विद्याधर पाटणकरांनी सांगितलं, असं लिही."