प्रोटीन पॉझिटिव्ह

गर्भाशयमुखाच्या तपासणीचा रिपोर्ट नाचवत सासूबाई म्हणाल्या, “प्रोटीन वाढवा म्हणून डॉक्टर कधीचे मागे लागले होते ना? हे बघ, ‘विषाणूचं प्रोटीन पॉझिटिव्ह’! आता पुढची तपासणी रद्द.” प्रयोगशाळेत याच प्रोटीनवर काम करणाऱ्या सुनेने रिपोर्ट त्यांच्या हातातून काढून घेतला. “आई, पेशींना शिस्तीत ठेवणारी एक राखणदारीण असते. हे प्रोटीन तिलाच घालवून देतं. मग पेशी मोकाट वाढतात. पुढे कॅन्सर होऊ शकतो.” आयुष्यभर मुलींचं वसतिगृह सांभाळलेल्या सासूबाई ताडकन उठल्या. “रेक्टरलाच हाकललं? मेल्याची हिंमत तर बघा!” “म्हणूनच जायचं, आई. वेळेत कळलंय, बरं होईल.” दवाखान्याला फोन लावता लावता त्यांनी विचारलं, “काय गं, तुझी तपासणी कधी झाली?” सून चाचरली, “राहूनच गेली हो.” सासूबाई फोनवर गरजल्या, “उद्या दोन नंबर लावा. दुसरीला मी धरून आणते.”