साडेअकराचा खटका

"तुला पटायचं नाही, पण चाळीस वर्षांच्या वायरमनकीत असा खटका मी ऐकला नव्हता," मी बायकोला म्हणालो. ती मटार सोलत होती.

एका एकट्या राहणाऱ्या बाईंकडे चिनीमातीचे जुने फ्यूज काढून मी ट्रिप स्विच बसवला. कुणाला शॉक बसला की तो क्षणात पडतो आणि माणूस वाचतो. त्यांचे यजमान त्याच जुन्या बोर्डाला चिकटून गेले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला स्विच पडला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. आज मी घरातल्या साऱ्या तारा त्याच्यापासून सोडवल्या आणि डोळे लावून बसलो.

"साडेअकराला पुन्हा खट्! म्हटलं, बाई, हात कुणी लावला?"

"मग?"

"बाई हसल्या. म्हणाल्या, यांनीच. याच वेळेला गेले होते ना. आता रोज वाचतात. तेवढा स्विच काढू नका हं."

"आणि तुम्ही?"

"मी कशाला काढतोय? पक्का कसून आलो."

बायकोने माझी पिशवी उपडी केली.

"थापा पुरे! घड्याळात आत्ता कुठे साडेअकरा होतायत आणि स्विच तर हा इथे आहे. अहो, तिकडे त्या बाईंच्या यजमानांना आता कोण वाचवणार?"