पेपरातलं नाव

"म्हंजे रिकाम्या जागा तू भरल्याच नाय?" चंदाने विचारलं, आणि दमयंतीने मान खाली घातली.

ठाण्यातल्या त्या शाळेच्या फाटकाबाहेर तिघंजण उत्तरं ताडून बघत उभी होती. तळवलीची चंदा, तिचा चुलतभाऊ चांगदेव आणि त्याच गावची सून दमयंती. मॅट्रिकच्या इंग्रजीचा सकाळचा पेपर नुकताच सुटला होता. त्यातला उतारा म्हणजे महाकठीण. चंदाला निम्माच कळला. चांगदेवाला तर उताऱ्यातली कोर्टातली साक्ष कळलीच नाही, गडी शेवटपर्यंत समजत होता की कुणाचं तरी लगीन चाललंय. कळला तो फक्त दमयंतीला, अगदी शब्द न शब्द. दोन भाऊ, जमिनीचा तंटा, आणि जमीन हातची गेली तरी खरं बोलणारा थोरला भाऊ. त्या थोरल्या भावाचं नाव होतं धर्मा.

आणि धर्मा हे दमयंतीच्या नवऱ्याचं नाव!

आता सांगा, काय करावं त्या बिचारीने? लग्न झाल्यापासून ते नाव तिने कधी तोंडातून काढलं नव्हतं. उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. मतदारयादी करणारा दारात आला तेव्हासुद्धा शेजारच्या बायजाने कुडापलीकडून ओरडून नाव सांगितलं होतं. तीच दमयंती पेपर लिहायला बसली. जमेल तिथे 'थोरला भाऊ' लिहून तिने वेळ मारून नेली. पण रिकाम्या जागांत नावच हवं होतं. खरं कोण बोललं, नाव लिहा. जमीन कुणी सोडली, नाव लिहा. हात काही पुढे सरकेना. शेवटी लिहू म्हणून ठेवलं आणि घंटा झाली.

चंदा नुसती पेटली. परीक्षेच्या खोलीत काय तुझी सासू बसली होती, की कागद उठून गावात चुगली करणार होता, असं बरंच काही ती बोलली. निदान इंग्रजीत उखाणा तरी घालायचास, म्हणाली. दमयंतीला सगळ्यात जास्त झोंबलं ते दुसरंच. उताऱ्याचा अर्थही न कळलेल्या चांगदेवाने सगळीकडे बिनधास्त 'धर्मा' ठोकून दिलं होतं, आणि ते सगळं बरोबर होतं.

"अख्ख्या मुलखात त्या पेपरवाल्याला दुसरं नाव नाय गावलं?" दमयंती एवढंच म्हणाली. तिचे डोळे भरून आले. दुःखाने नव्हे, संतापाने. पेपर काढणाऱ्याचा राग, त्या थोरल्या भावाचा राग, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या हाताचा.

कारण तिला ही संधी एकदाच मिळणार होती. गावच्या शाळेला मास्तरीण हवी होती. मॅट्रिक झालीस तर तुलाच ट्रेनिंगला पाठवायची खटपट करतो, असं हेडमास्तरांनी कबूल केलं होतं. पण सासूने, गोजराबाईने, अट घातली होती. एकदा बस. पास झालीस तर मास्तरीण हो, नापास झालीस तर पुस्तकं बंब पेटवायला आणि तू मिठागरात.

चांगदेवाने समजूत काढली. इंग्रजीच्या सकाळच्या आणि दुपारच्या पेपराचे मार्क एकत्र धरतात, दुपारचा पेपर चांगला गेला तर निभावेल अजून. पण दमयंतीने आशाच सोडली होती. उतारा हाच तिचा हुकमी एक्का होता. तोच हातचा गेला तर व्याकरण आणि निबंध लिहून काय होणार?

एवढ्यात बंदराकडून धर्मा आला. सकाळी भरतीवर त्यानेच तिघांना आपल्या होडीतून आणलं होतं. पाणी उतरायला लागलंय, म्हणाला; दुपारच्या पेपराला थांबणाऱ्यांनी ठरल्याप्रमाणे चालत यायचं. आता निघालो तर निघालो, नाहीतर होडी चिखलात बसेल आणि रात्रीपर्यंत हलायची नाही. दमयंतीने पिशवी उचलली आणि चपला पायात सरकवल्या. दुपारचा पेपर सोडून ती निघाली हे पाहून चंदाला राहवेना. तिने रागारागाने धर्माला सगळं सांगून टाकलं.

धर्मा ऐकत राहिला. मग त्याचा चेहरा हळूहळू खुलला. माणूस वाईट नव्हता हो. दारू नाही, शिवी नाही, बायकोला शिकू देणारा गावात तो एकटाच. पण आता त्याची छाती अशी फुगली, जशी काही त्याचीच होडी शर्यतीत पहिली आली.

"असू दे, असू दे," तो कौतुकाने म्हणाला. "घरी आयला सांगतो. अख्ख्या गावाला सांगतो. मॅट्रिकला बसली, पन नवऱ्याचं नाव नाय टाकलं."

दमयंती जागच्या जागी थांबली. पेपर काढणारा बिचारा तिला ओळखतही नव्हता. हा ओळखत होता. चुलीपुढे बसून तिने इंग्रजी शब्द घोकलेले ह्याने ऐकले होते. ह्याला ठाऊक होतं की आज काय गेलं. आणि तरी ह्याला आनंद झाला होता, ती जागा रिकामी राहिली म्हणून! तिच्या डोळ्यांतलं पाणी आटलं. तिने पिशवी चंदाच्या हातात दिली.

"धर्मा," ती म्हणाली.

चंदाने तोंडावर हात ठेवला. चांगदेव उगाच रस्त्याकडे बघायला लागला. आणि धर्मा, आईने हाक मारल्यासारखा सवयीने ओ देऊन बसला.

"धर्मा, तुमी होडी घेऊन जा. मी पेपर देऊन चालत येईन."